दुभाष्याचा बाप्तिस्मा

माझ्या मित्राला देव मिळाला आणि लगेच त्याचा सख्खा भाऊ जायची वेळ आली. मरून नव्हे. मरून गेला असता तर निदान चार लोक भेटायला आले असते. भाऊ, साखरेचा आजार सोडला तर, ठणठणीत होता आणि इथेच चेन्नईत, नुंगंबाक्कमला दुसऱ्या मजल्यावर राहत होता. फक्त त्याने सांगून टाकलं होतं, की आईच्या श्राद्धाला तू बसला नाहीस तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. माझ्या मित्राने लग्न केलं नाही. त्या भावाशिवाय रक्ताचं असं त्याला कुणी नाही. आणि हे सगळं खापर माझ्या डोक्यावर, कारण चर्चने मला त्याचा मेंटॉर नेमलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास झालो. नगर जिल्ह्यात ट्रकच्या गॅरेजात जन्मभर कमानपाटे बदलले. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण आमच्या घरात वाटणी होती: गाडीच्या खालचं सगळं माझ्याकडे, आभाळातलं सगळं बायकोकडे. प्रार्थना ती करायची, आमेन मी म्हणायचो. चाळीसेक वर्षं हा कारभार बिनतक्रार चालला.

मग मुलाला इकडे चेन्नईत मोटारींच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याने आम्हा दोघांना वेलचेरीला आणलं. म्हणाला, इथे समुद्र आहे. ती आली, समुद्र पाहिला, खारट आहे म्हणाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. तिला इथल्याच मातीत ठेवलं. मुलगा म्हणतो, आता तुम्ही गावी जाऊन आरामात राहा. वा. ज्या परक्या गावात तिने आधी कधी पाय ठेवला नव्हता, त्या गावात तिला एकटीला टाकून मी तिकडे आरामात राहू! म्हणून राहिलो. भाषा येत नाही, भात मानवत नाही, घामाने बनियन अंगावरच शिजतं, पण राहिलो.

इथल्या चर्चमध्ये उपासना संपता संपता सगळे एकमेकांचे हात हातात घेतात आणि म्हणतात, "समाधानम्." तिला पुरल्यानंतरचा पहिलाच रविवार होता. एका बाईने माझा हात धरला, गोड हसली आणि म्हणाली, "समाधानम्."

मी बघतच राहिलो. बायको गेली, आता समाधान झालं का, असं विचारतेय ही?

"नाही," मी म्हणालो.

मागचा म्हातारा पुढे आला. समाधानम्. "नाही." एक शाळकरी पोर आलं. "नाही." शेवटी पाळकसाहेब स्वतः आले, दोन्ही हातांनी माझा हात दाबला. समाधानम्. "अजिबात नाही," मी म्हणालो, आणि चपला घालून निघालो. असे बरेच रविवार गेले. लोक थकले नाहीत, मीही थकलो नाही. मला वाटायचं, काय निर्लज्ज गाव आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर हा माझा मित्र राहतो. तेव्हा मित्र नव्हता, जिन्यात दिसणारा एक नीटनेटका म्हातारा होता. एग्मोरच्या कुठल्याशा हापिसात कारकुनी करून निवृत्त झालेला. त्याचे वाडवडील कधीकाळी राजेलोकांबरोबर तंजावरला आले आणि तिथेच राहिले, त्यामुळे त्याच्या घरात मराठी बोलतात. म्हणजे ते मराठी आहे असं तो म्हणतो. शब्द पणजोबांच्या वेळचे आणि चाल तमिळची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी कीर्तनकार मद्रासी दारू पिऊन आलाय. पण या गावात माझ्याशी "जेवलांत काय?" म्हणणारा तो एकटाच. तो मला दादा म्हणतो आणि अहोजाहो करतो. मी त्याला पहिल्या आठवड्यातच अरेतुरेवर आणलं, कारण मला कुणालाच फार वेळ अहो म्हणता येत नाही.

एकदा जिन्यात त्याला ही समाधानाची गोष्ट सांगितली, तर हा कठडा धरून हसायला लागला. हसता हसता खालच्या पायरीवर बसला.

"अय्यो दादा, तमिळांत समाधान म्हणजे शांती! ते अस्के, सगळेच, तुम्हांस शांती देत होते. आणि तुम्ही एकेकास नको म्हणून परत करीत होतांत."

"मग मराठीत सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"पुढच्या रविवारीं मी येतों बरोबर," तो डोळे पुसत म्हणाला. "नाहीं तर एक दिवस तुम्ही कोणास माराल. पण आधींच सांगतों, माझा संबंध भाषेशीं. देवाशीं नाहीं."

असा तो आला. धोतर नव्हे, इस्त्रीची पँट, काखेत छत्री, कपाळावर गंध तसंच. माझ्या डाव्या कानाशी बसायचा आणि पाळकसाहेब बोलतील तसं कुजबुजायचा. जन्मभर हापिसात इंग्रजी कागदाचं तमिळ केलेला माणूस. पदरचं घालायचं नाही, आतलं गाळायचं नाही. दुसरा एखादा म्हणाला असता, "ते म्हणतायत की माणूस चुकतो." हा तसं म्हणायचा नाही. पाळक म्हणाले "मी चुकलों", की हाही म्हणायचा "मी चुकलों." पाळक म्हणाले "तूं कोणाचा राग धरून बसला आहेस?" की हाही माझ्या कानात, "तूं कोणाचा राग धरून बसला आहेस?" मी आपला बायकोच्या आठवणीत असायचो. माझ्या कानातून निम्मं वाहून जायचं. पण ज्याच्या तोंडातून महिनोन्महिने दर रविवारी "मी चुकलों, मला क्षमा कर" निघत होतं, त्याचं काय होत असेल याचा विचार कुणी केला नाही.

एका रविवारी तो मध्येच थांबला.

"पुढे?" मी म्हणालो.

"थांबा."

"अरे ते बोलतायत तिकडे. काय म्हणतायत?"

"मला म्हणतायत," तो म्हणाला, आणि त्या दिवशी मला बाकीचं प्रवचन मिळालं नाही.

अशा रीतीने मी गेलो दुभाषा आणायला आणि मिळाला शिष्य. पाळकसाहेबांना कोण आनंद! त्यांनी मोबाइलवरच्या चर्चच्या ग्रुपवर फुलं टाकली, कबुतरं टाकली, आणि मला बोलावून म्हणाले, तुम्ही याचे मेंटॉर.

"मेंटॉर म्हणजे काय?" मी मित्राला विचारलं.

"वाट दाखवणारा."

"वेलचेरीच्या स्टेशनाची वाटसुद्धा मला तूच दाखवतोस."

हेही त्याने इमानदारीने पाळकांना तमिळमध्ये सांगितलं. ते हसले आणि मला नेमूनच टाकलं. नम्र आहे म्हणाले. मी नम्र नव्हतो, मी खरं बोलत होतो. पण चर्चमध्ये या दोन्हीत फरक करत नाहीत.

आता शिकवायचं काय? मी बायको काय करायची ते आठवायचो आणि त्याला करायला लावायचो. मोठी सोय होती. ती असती तर तिनेच शिकवलं असतं आणि मी बाहेर बसून कांदे निवडले असते. ती सकाळी उठून आधी कुणाशी वाकडं आलंय ते बघायची, म्हणून मी त्याला म्हणालो, "तुझं या बिल्डिंगमध्ये कुणाशी वाकडं आहे?" मग कळलं, की पाण्याच्या मोटारीच्या वेळेवरून तळमजल्यावरच्या माणसाशी त्याचं बोलणं बंद आहे आणि त्याची मोटार हा मुद्दाम आधी बंद करतो. "जा, माफी माग." गेला. अर्ध्या तासाने तोंड पाडून परत आला.

"काय झालं?"

"मी क्षमा मागितली. तो म्हणतो, त्यास माहीतच नव्हतें. त्यास वाटत होतें मोटारच बिघडली आहे. आता तो मला शिव्या देतो."

"झालं. आता तुम्ही बोलता तरी."

वेलचेरीत पावसाचं पाणी शिरलं तेव्हा त्याला घेऊन त्याच तळमजल्यावरच्या माणसाच्या घरातला गाळ काढला. शेअर ऑटोत बाईशेजारी जागा करून देताना तोंड वाकडं करायचं नाही, हे शिकवायला महिना लागला. कारकुनाला देव लवकर समजतो, ऑटोतली जागा समजत नाही.

आणि प्रार्थना! त्याची पहिली प्रार्थना मी ऐकली तेव्हा मला वाटलं हा बदलीचा अर्ज करतोय. "सविनय विनंती" होती, "मागील विनंतीस अनुसरून" होतं, शेवटी "आपला आज्ञाधारक". मी म्हणालो, "बाबा रे, आईशी बोलायचास तसं बोल."

"आईशीं मी फार बोलत नसें," तो म्हणाला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

त्याहून भारी गोष्ट जपाची. इथे प्रार्थनेला तमिळमध्ये जेबम् म्हणतात. पाळकांनी त्याला सांगितलं, रोज जेबम् कर. त्याने ते मला मराठीत सांगितलं, "रोज जप करायास सांगितलें आहे. करूं?" मी समजलो त्याच्या पणजोबांच्या मराठीत प्रार्थनेला जप म्हणत असतील. म्हणालो, "कर की, विचारतोस काय." बरेच दिवसांनी तो थकून माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, देव चांगला आहे. पण लांब आहे. फार वेळ लागतो." विचारलं तर कळलं, की प्रभूने शिकवलेली आख्खी प्रार्थना हा रोज पहाटे आंघोळ करून, बोटांच्या पेरांवर मोजून, एकशे आठ वेळा म्हणतोय.

"एकशे आठ? देव बहिरा आहे काय?"

"तुम्हीच म्हणालांत, कर की!"

मी खो खो हसलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा. मग वाईट वाटलं, की हे ऐकायला ती नाही. तिला हे फार आवडलं असतं. तिने त्याला पोटभर जेवू घातलं असतं आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावलं असतं.

असं आमचं बरं चाललं होतं. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. आणि तेवढ्यात त्याच्या आईची तिथी जवळ आली.

थोरला म्हणून श्राद्धाला दर वर्षी हाच बसायचा. भाऊ धाकटा. त्याला साखरेचा आजार, आणि श्राद्धाला बसणाऱ्याने ब्राह्मण जेवेपर्यंत उपाशी राहायचं, म्हणजे दुपार टळेपर्यंत. हा बसायचा, भावाचं पोट सांभाळलं जायचं, आणि आईचंही. आता हा म्हणाला, मी एका पाण्यात उतरायचं ठरवलंय, तर दुसऱ्या पाण्यात हात कसा घालू? खोटं होईल. पाळकांना विचारलं. ते म्हणाले, विधी नको, बाकीचं तुमचे मेंटॉर सांगतील. वा रे पाळक. कबुतरं पाठवायला तुम्ही, भाऊ तोडायला मी.

मी म्हणालो, "फोनवर नाही, तोंडावर जाऊन सांग. मी येतो."

गेलो. भाऊ अंगाने बारीक, आवाजाने जाड. आधी कॉफी दिली, चांगली होती. मग माझ्या मित्राने मान खाली घालून सांगितलं, की मी बसणार नाही, तू बस, मी बाहेरचं हवं ते काम करीन.

भावाने कपबशी खाली ठेवली. "थोरला जिवंत असतां धाकट्यानें बसायचें?" तो म्हणाला. "लोक विचारतील अण्णा कोठें, तर काय सांगूं? मेला म्हणून सांगूं?"

माझा मित्र गप्प. आता इथे मेंटॉरनेही गप्प बसायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बायको असती तर तिने माझ्या पायावर पाय दिला असता. मी म्हणालो, "सांगा की मेला म्हणून. बाप्तिस्मा म्हणजे तेच असतं. जुना माणूस मरतो आणि नवा उठतो."

धर्माच्या हिशेबाने हे शंभर टक्के बरोबर आहे. कुठल्याही पाळकाला विचारा. भाऊ उठला, दार उघडलं आणि म्हणाला, "बरें. मग मेलेल्यांनीं जावें."

येताना गाडीत माझा मित्र माझ्याशी बोलला नाही. शेअर ऑटोत बसतानाही बोलला नाही, फक्त शेजारच्या बाईला जागा करून दिली, आणि तेही माझ्याकडे बघत. आणि नंतर कितीतरी दिवस जिन्यात नुसती मान हलवायचा. बाप्तिस्म्याचं विचारलं तर म्हणायचा, बघूं.

मी कबरस्तानात गेलो. तिथे मी जातोच. तिच्या मातीवरचं गवत उपटत होतो आणि तिला सांगत होतो, की बघ, तुझ्या वाटचं काम माझ्याकडे दिलं आणि मी एका म्हाताऱ्याचं घर मोडलं. मागे चाहूल लागली. हा उभा. हातात पाण्याची बाटली. बिल्डिंगमध्ये शोधत होता म्हणे.

"काय करतां?"

"दिसत नाही? गवत काढतोय."

"तुमच्यांत मेलेल्यांसाठीं कांहीं करायचें नसतें म्हणालांत."

"नसतंच. ती देवाकडे पोचली, तिचं सगळं त्याने करून ठेवलंय. मी तीळभर काही करायची गरज नाही. लई चांगली सोय आहे. फक्त या हातांना काही काम ठेवलेलं नाही, म्हणून गवत."

तो शेजारी उकिडवा बसला. बराच वेळ त्यानेही गवत उपटलं. कारकुनाची बोटं, मुळासकट एक निघेल तर शपथ.

"दादा, मला भय तें नाहीं कीं आई उपाशी राहील," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलें तें मला पटलें आहे. पण मी तिच्याशीं कधीं धड बोललों नाहीं. वर्षांतून तो एक दिवस सकाळभर तिचें नांव घेत बसायचों. तेवढेंच बोलणें. आणि तो तिथें एकटा उपाशी बसणार. त्याची साखर उतरते, हात कांपतात. तो हट्टी आहे, सांगणार नाहीं."

माझ्याकडे चौथीपर्यंतचं होतं तेवढं संपलं होतं. मी म्हणालो, "आईचं देव बघेल. भाऊ काही अजून देवाकडे गेलेला नाही, त्याचं तुलाच बघायला पाहिजे. विधीला बसू नको. पण त्या दिवशी जा."

"दार उघडणार नाहीं."

"मग जिन्यात बस. जिना काय त्याच्या बापाचा आहे?"

"आहे," तो म्हणाला. "तो फ्लॅट आमच्या बापानेंच घेतला."

तिथीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच जाऊन दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलो. तोही उपाशी. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं उपाशी राहायला, तू तर विधीला बसलेला नाहीस. म्हणाला, "तो नाहीं खात तर मी कसा खाऊं?" मला भूक लागली होती, पण मेंटॉर पडलो. आतून वड्यांचा वास यायला लागला तसा मी मेंटॉरपणाला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. दार बंद होतं. आतून भटजींचा आवाज यायचा. दूधवाला आला, त्याने आम्हाला कुरिअरवाले समजून बाजूला व्हायला सांगितलं. भावाची बायको एकदा दार उघडून बघून गेली, पण दार पुरतं लावलं नाही.

ऊन चढलं. मग ती पुन्हा आली. लगबगीने.

"भावजी, आंत या. त्यांचे हात कांपताहेत. कांहीं खा म्हटलें तर अंगावर येतात. अर्धें झालें आहे, सोडणार नाहीं म्हणतात."

हा उठला आणि आत गेला. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीही गेलो. भाऊ पाटावर बसलेला, ओलेता पंचा, चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब. पळी हातात थरथरत होती, पाणी ताम्हनात पडायच्या ऐवजी मांडीवर पडत होतं. याने त्याला शिवलं नाही. सोवळ्याची रेघ सांभाळून अलीकडेच उभा राहिला.

"गूळ खा," तो म्हणाला.

भाऊ वर न बघता म्हणाला, "झाल्याशिवाय खायचें नाहीं."

भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पुढच्या घरी जायचं होतं, आणि यजमान पाटावर आडवा झाला तर तेही घर गेलं असतं. म्हणाले, "औषधास दोष नाहीं. थोरल्यानें आज्ञा केली तर अवश्य घ्यावें."

"थोरला मेला," भाऊ म्हणाला. आणि माझ्याकडे बोट केलं. कापतं बोट. "यांनींच सांगितलें. मेलेल्याची आज्ञा कशी पाळूं?"

मी जमिनीकडे बघितलं. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

माझा मित्र खाली बसला, रेघेच्या अलीकडे, भावाच्या तोंडासमोर. इस्त्रीची पँट गुडघ्याशी चुरगळली. त्याचा आवाज एकदम बदलला. हापिसातलाही नव्हता आणि प्रार्थनेतलाही नव्हता. लहानपणी धाकट्याला दटावायचा असेल तसा होता. "मी जिवंत आहें. इथें बसलों आहें. सकाळपासून तुझ्या जिन्यांत जिवंतच बसलों होतों. आतां तोंड उघड."

भावाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले. मग त्याने तोंड उघडलं. बायकोने गुळाचा खडा घातला, नंतर दुसरा. थोड्या वेळाने पळी स्थिर झाली आणि भटजींनी जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केलं, जरा घाईनेच.

हा तिथेच बसून राहिला, रेघेच्या अलीकडे, शेवटपर्यंत. हात जोडले नाहीत, मंत्र म्हटले नाहीत. आईचं नाव आलं तेव्हा मात्र त्याचे ओठ हलले. तो देवाशी बोलला की आईशी, मी विचारलं नाही. मेंटॉरने सगळंच विचारायचं नसतं, एवढं तरी मी तोवर शिकलो होतो.

ब्राह्मण जेवून गेल्यावर घरच्यांची पानं मांडली. मी चपला शोधत होतो, तर भावजय म्हणाली, पान मांडलें आहे. मित्राचं पान भावाच्या शेजारी, माझं दाराजवळ. केळीचं पान, मिऱ्याचं सार, कच्च्या केळ्याची भाजी, वडे. माझ्या मित्राने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मी त्याला छोटी प्रार्थना शिकवली होती, पण आज त्याला बरंच सांगायचं असावं. भाऊ हात पानावर धरून थांबला. जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "अण्णा, तुझा देव ऐकतो तें ठीक. पण भात निवतो."

"आमेन," मी म्हणालो.

जेवताना भावाने मला पहिल्यांदा नीट विचारलं, "तुमच्या घरीं कोण गेलें?"

"बायको."

"त्यांची तिथी कधीं?"

"आमच्यात तिथी नसते."

"मग त्या दिवशीं काय करतां?"

"काही नाही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू याहून वाईट त्याने काही ऐकलं नव्हतं. मग स्वतः वाकून माझ्या पानावर आणखी एक वडा घातला. मला नको होता. मी खाल्ला.

निघताना मित्र खाली उतरला, मी चपलेचा पट्टा लावत मागे राहिलो. भाऊ दारात उभा. म्हणाला, बाप्तिस्म्याला तो स्वतः येणार नाही. त्याला ते पटत नाही, कधी पटणार नाही, आणि आईलाही पटलं नसतं. मी म्हणालो, बरोबर आहे, नका येऊ. मला वादाची हौस उरली नव्हती.

तरी तो दारातून हलेना.

"तें पाणी डोक्यावर शिंपडतात?"

"आमच्या गावाकडे शिंपडतात. इथे हौदात उभं करून पुरता बुडवतात आणि वर काढतात."

"पुरता?" त्याने जिन्यातून खाली डोकावून पाहिलं. माझा मित्र छत्री उघडत होता. भावाने आवाज खाली आणला. "हौद केवढा खोल?"

"कमरेएवढा."

"धरणारा माणूस भरवशाचा आहे?"

"पाळक आहेत. धडधाकट आहेत."

"अण्णास पोहतां येत नाहीं," तो म्हणाला. "लहानपणीं तळ्यांत बुडाला होता, मीच ओरडलों म्हणून काढला. तुम्हांस त्यानें सांगितलें नसेल." मग बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवत राहिला. "मी बाजूस उभा राहीन. आंत येणार नाहीं, गाणीं म्हणणार नाहीं. नुसता हौदाशीं उभा राहीन. किती वाजतां यायचें?"